वरच्या बांधातली मोरी उघडण्याआधी

१. मार्च २०१९. वरच्या बांधातली जुनी दगडी मोरी मी आतून बुजवली. चार मीटर आत, दगड आणि मळलेली चिकणमाती.
२. त्याच महिन्यात शेताच्या माथ्यावर तीन समतल चर खणले. पावसाचा थेंबही शेताबाहेर जाऊ नये, हा हेतू होता. तो साध्य झाला.
३. ९ मार्च २०२४. सर्वांत वरच्या चरामागे जमिनीत भेग दिसली. लांबी अकरा मीटर. तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या.
४. दर शनिवारी सकाळी सातला खुंट्यांमधले अंतर मोजले. नऊ आठवड्यांची वाढ, मिलिमीटरमध्ये: १, २, २, ३, ३, ५, ८, ९, १४.
५. १४ एप्रिल. तिन्ही चर परत भरून टाकले. वाढ थांबली नाही. म्हणजे पाणी वरून येत नाही, आत साठलेले आहे.
६. २० एप्रिल. बांधाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी गढूळ झाले.
७. ४ मेपासून कोंबड्या संध्याकाळी वरच्या खुराड्यात जात नाहीत. ११ मे रोजी घराच्या उत्तरेकडचे सरकते दार अर्ध्यावर अडकले.
८. दरडींची पाहणी करणाऱ्या सरकारी कचेरीला तीनदा कळवले. पाहणी ऑक्टोबरात होईल असे उत्तर आले. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाळा लागतो.

मी, तोचितानि मिचिरु, वय एकतीस, भूस्तर तपासणीच्या कामात चार वर्षे नोकरी करून नंतर घरच्या शेतावर आलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या अकलेबद्दल शंका घ्यायला जागा आहे आणि ती वर पहिल्याच ओळीत नोंदली आहे. लिहिताना मात्र मी शुद्धीवर आहे. कोणाचा धाक नाही, कोणी सांगितलेले नाही.

कलम पहिले. जमीन

माझ्या नावावर तीन तुकडे आहेत: वरचा, मधला आणि मोरीखालचा. आजोबांनी ते मला दिले, कारण बाबांना द्यायचे तर बाबा कागदावर शिक्का मारायला कधी वेळेवर गेले नसते. तिन्ही तुकडे माझा मोठा भाऊ केइगो याला द्यावेत. त्याने ते कसावेत अशी अट नाही. विकू नयेत अशीही अट नाही. एकच अट आहे: जो कोणी घेईल त्याला वरचे आठ मुद्दे वाचायला द्यावेत.

ही मोरी आजोबांनी बांधली, की त्यांच्या वडिलांनी, हे आता सांगता येत नाही. बांधाच्या पोटातून ती साडेचार मीटर आत जाते आणि तीन मीटरवर डावीकडे वळते. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी तिच्यातून बाहेर पडून ओढ्याला मिळे. बारा महिने. आम्ही न नांगरता, उघड्या मातीवर गवत अंथरून शेती करतो. माती जितके पाणी धरेल तितकी ती जिवंत, हे मी पुस्तकात शिकले आणि शेतात पाहिले. सपाट जमिनीवर ते खरे आहे. आमच्या शेताचा उतार पस्तीस अंशांचा आहे. उताराचे गणित मला येत होते. ते मी केले नाही, कारण वाहून जाणारे पाणी रोज डोळ्यांना दिसत होते आणि खुपत होते.

खालच्या घरातल्या फुसाएकाकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुझ्या आजोबांनी डोंगराला नाक ठेवलं होतं गं. तू त्यात बोळा घालतेयस."

आई म्हणाली, "शिकलेल्या पोरीला कोण सांगणार."

मी दोघींना आकडे दाखवले होते. आकडे चांगले होते. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात एकट्या आमच्या वाटाण्याला पाणी कमी पडले नाही.

कलम दुसरे. आठवडा

माझ्यामागे शेत कोणी चालवणार असेल, तर आठवडा असा आहे. सोमवारी डोंगरावरचे वाळलेले गवत चिरून वाफ्यांवर अंथरणे. मंगळवारी खताचे ढीग पालटणे; आत हात घालून पाहावे, हात ठेवता आला नाही तर ढीग ठीक आहे. बुधवारी कोंबड्यांचे कुंपण दहा पावले पुढे सरकवणे. गुरुवारी काढणी. शुक्रवारी आई गाडी चालवते, बाबा खोकी उचलतात, आणि दोघे खाली गावात अठरा घरी भाजी पोचवतात. फुसाएकाकू त्याच गाडीतून गुडघ्याच्या सुईसाठी जातात. आठ ते बारा घरात कोणी नसते. शनिवारी खुंट्या. रविवारी काही नाही.

वसंतात यात एक काम वाढते. वर्षभर उतारावरून घसरलेली माती पेरणीआधी दाताळ्याने खालून वर ओढायची. आमच्या डोंगरात सगळे ओढतात. दरवर्षी चार दिवस लागत. यंदा अकरा लागले. बाबा खूश होते. "यंदा भरपूर आली," ते म्हणाले. माती कुठून आली हे मी त्या वेळी सांगितले नाही. पाचव्या दिवसापासून, वर आणखी वजन नको म्हणून, मी ती वर ओढतच नव्हते, बाजूला टाकत होते. त्यांच्या ते लक्षात आले असावे. 

कलम तिसरे. औजारे

आजोबांचे दाताळे बाबांना द्यावे. दांडा मी दोनदा बदलला आहे, दात जुनेच आहेत. गवत चिरायचे यंत्र आईला. पाते उलटे बसवलेले नाही, ते तसेच असते; तिने ते दुरुस्त करू नये. लहान मालवाहू गाडी शेताबरोबर जाईल. मोजमापाची उपकरणे आणि खुंट्यांची वही कचेरीतल्या पाहणीवाल्यांना ऑक्टोबरात द्यावी. तेव्हा मोजायला काही उरले असेल तर त्यांच्या उपयोगी पडेल.

कलम चौथे. बचत, बियाणे, कोंबड्या

टपाल खात्यातली बचत आईच्या नावे. तिने ती घरावर खर्च करू नये. बियाणाच्या बाटल्या, कोंबड्या आणि त्यांचा स्वभाव फुसाएकाकूंना.

कलम पाचवे. बाबा

मोरी मी बुजवली हे बाबांना माहीत आहे. बांध फुगून त्याला पोट आले ते त्यामुळे, हे माहीत नाही. पाहुणे शेत बघायला आले की अजूनही ते बांधावर हात ठेवून सांगतात, "हिची अक्कल. एक थेंब बाहेर जात नाही." मी शेजारी उभी असते. हे कलम वाचून त्यांना कळेल. समोर सांगायला हवे होते. दोनदा त्यांच्यासमोर बसले आणि वाटाण्याबद्दल बोलले.

घर सोडून काही दिवस खाली राहू, असे मी एप्रिलपासून चार वेळा म्हटले. शेवटच्या वेळी ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी ह्या मातीला दर वसंतात वर ओढतोय. आता ती पहिल्यांदाच मला खाली बोलावतेय, तर म्हणावं, वेळ नाही." आई हसली आणि भात वाढला. त्यांच्याशिवाय ती येणार नाही, हे तिने वेगळे सांगितले नाही.

पाहुण्यांपैकी दोघांनी माझे ऐकून आपापल्या शेतातल्या जुन्या मोऱ्या बुजवल्या आहेत. त्यांना मी गेल्या शुक्रवारी पत्रे पाठवली. उत्तर आलेले नाही. माझे काही झाले तर कोणीतरी तिकडे प्रत्यक्ष जावे.

कलम सहावे. जे करणार आहे ते

शुक्रवार, १७ मे. सकाळी आठला गाडी गेली की मी मोरीत शिरून बोळा फोडणार आहे. बाहेरून सळई घालून पाहिली. वळणामुळे पोचत नाही. खोदायचे यंत्र बांधावर चढवले तर बांध तेवढे वजन घेणार नाही. आत रांगता येते, तोंड फिरवून माघारी येता येत नाही. बोळ्यामागे पाणी किती आहे याचा अंदाज आहे. तो मी येथे लिहीत नाही, कारण आई हे वाचेल. बोळा फुटला की पाण्याआधी बाहेर यायचे असते, आणि ते पायाच्या बाजूने. कमरेला दोर बांधून बाहेरून कोणी ओढले तर चार सेकंद लागतात. स्वतः सरपटत यायला अकरा. अंगणात तितक्याच लांबीची फळ्यांची नळी करून मी हे सहा वेळा मोजले आहे. ओढायला माणूस नव्हता, म्हणून दोर गाडीला बांधून आईला गाडी पुढे घ्यायला सांगितले. "काय चाललंय हे?" आईने विचारले. कोंबड्यांसाठी, असे मी म्हणाले. तिने विश्वास ठेवल्यासारखे केले.

कलम सातवे. केइगोदादा

पाच वर्षांपूर्वी, मोरी बुजवायच्या दिवशी, दादा ताकामात्सु शहरातून आला होता. बुटांत चिखल गेला म्हणून वैतागलेला होता. म्हणाला, "पाणी वाया जातं म्हणतेस, तर जाऊ दे की. आजोबा काय वेडे होते?"

मी म्हणाले, "शेत सोडून गेलास ना? मग सल्लाही बरोबर न्यायचा होतास."

तो संध्याकाळचे जेवण न करता गेला. त्यानंतर नववर्षाला पत्र येते, तो येत नाही. बाबांना वाटते त्याला शेतीचा कमीपणा वाटतो. तसे नाही. कारण मी आहे.

उताराचे गणित न शिकता त्याचे बरोबर होते. हे मी शेत त्याला देताना नोंदवत आहे, जमीन ही त्याची भरपाई समजू नये. या कलमात यापुढची एक ओळ खोडली आहे आणि खोडल्याजागी नियमाप्रमाणे माझा शिक्का आहे. ओळ तरीही वाचता येते. ती तशीच राहू द्यावी.

कायद्याने माझे अक्षर, तारीख, नाव आणि शिक्का एवढे पुरे आहे. साक्षीदार मी स्वतःच्या समाधानासाठी घेतले. दोघांनी सर्व कलमे वाचली आहेत आणि शुक्रवारपर्यंत घरात काही बोलणार नाहीत असे कबूल केले आहे.

स्थान: ओनोहिरा वस्ती, वरचे घर
दिनांक: सोमवार, १३ मे २०२४
तोचितानि मिचिरु (शिक्का)

साक्षीदार: कामेई तोशिरो, टपालवाले. मोरीत शिरू नकोस असे यांनी सांगितले. तेही येथे नोंदवावे असा आग्रह धरला.

साक्षीदार: मुनेयासु फुसाए, खालचे घर. सही करताना म्हणाल्या, "मला साक्षीदार कशाला करतेस? बांध आलाच तर आधी माझ्याच दारात येणार. मी वारस आहे त्याची." मग चष्मा शोधून सही केली.

प्रत: तोचितानि केइगो, ताकामात्सु. टपालवाल्यांच्या हातून, आजच.

दादा, दोर धरायला एक माणूस हवा आहे. शुक्रवारी सकाळी साडेसात. तू ओढ्याकडच्या रस्त्याने ये. आठपर्यंत बाबांना दिसू नकोस. कोणी नसले तर दोर बांधाजवळच्या अक्रोडाच्या झाडाला बांधीन आणि स्वतः सरपटत बाहेर येईन. अक्रोड मार्चपासून चार अंशांनी खाली कलला आहे. येणार की नाही, ते गुरुवार, १६ मे, संध्याकाळी सहापर्यंत कळव. एका शब्दात कळवलेस तरी चालेल.