ऐकलं की लिहायचंच

मी खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा लोकांच्या गाण्यांना नावं ठेवणे, डोकं ठिकाणावर आणि कान त्याहून ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरीणबाईंनी आडवळण न घेता सांगितलं आहे, तेव्हा मीही लांबण लावत नाही.

१. राहतं घर माझ्या पश्चात यजमानांचं. भिंतींना पुन्हा तो पिवळा रंग देऊ नये. मोठे स्पीकरही त्यांनाच. त्यावर ते बातम्या ऐकणार, हे ठाऊक आहे. माझी हरकत आहे, पण मी तेव्हा नसेन.

२. मी जिथे गाण्यांवर लिहिते त्या वेबसाइटला थोरले दीर पहिल्यापासून "रिकामटेकडे उद्योग" म्हणत आले. त्यांना माझे हेडफोन द्यावेत. कानाला लावून गप्प बसावं.

३. ज्या गायकाने मला वकिलाची नोटीस धाडली, त्याचा अल्बम स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. तो काढू नये. टेबल डुगडुगतं.

४. आता वेबसाइट. मी लोकांच्या अल्बमची टर उडवली, पण एक नियम पाळला: ऐकलं की लिहायचंच. मग तो मैत्रिणीचा असो की शेजाऱ्याचा. भिडेखातर एकदा जरी गप्प बसले असते, तरी वाचकांचा माझ्यावरचा विश्वास उडाला असता.

माझी लेक गाते. आवाज घुमू नये म्हणून कपाटात रजया टांगून तिने आपला पहिला अल्बम रेकॉर्ड केला आहे आणि मला ऐकवत नाही. परवा मी सरळ विचारलं.

"आई, तू ऐकलंस की लिहिणार. चांगलं लिहिलंस तर लोक म्हणतील, आईने पोरीची पाठ थोपटली. वाईट लिहिलंस तर मी गाणंच सोडीन."

"नाही लिहिणार."

"तू आजारी आहेस म्हणून तुझा नियम मोडायला लावू? नको गं."

आणि दार लावून घेतलं. पोर माझ्याच वळणावर गेली आहे. मला अभिमान वाटला आणि रडूही आलं.

सबब, वेबसाइट बंद. जुने लेख राहू द्यावेत, कोणाला हसायचं असेल तर. नवा एकही नाही. पासवर्ड मला न सांगता यजमानांनी बदलला आहे, म्हणजे तो एव्हाना कोणालाच आठवत नसणार.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होतं." हे कलम आजपासून लागू. मेल्यावर मला कोण ऐकवणार?

चिमे, मी नियम मोडला नाही, धंदाच मोडीत काढला. आता या घरात समीक्षक कोणी नाही. आई आहे, आणि तिला तुझं गाणं ऐकायचं आहे.

साक्षीदार:
१. शेजारचे ड्रमवाले. म्हणाले, "ताई, माझ्या वाजवण्याला तुम्ही जिन्यावरून घरंगळलेली भांडी म्हणालात. आता आम्हाला शिव्या कोण घालणार?" डोळे पुसून सही केली.
२. डॉक्टरीणबाई. यांनी नुसती सही केली.

ठिकाण: लेकीच्या दाराबाहेरची खुर्ची
दिनांक: ४ मार्च, सकाळी
सही: चिमीची आई