पेरीनचा पांढरा

पॅरिस, २ जुलै १७७३, शुक्रवार
आजपासून पेरीनचा विचार बंद. सहा वर्षं माझ्या हाताखाली शिकली, पेस्टलचा खडू धरायला मी शिकवलं, आणि आता लोक तिच्या पोर्ट्रेटपुढे माना डोलावतात. डोलावोत. ऑगस्टच्या प्रदर्शनात मी काढलेलं मादाम बोस्सारचं पोर्ट्रेट लागलं की कळेल.

३ जुलै
सहज तिच्या घरावरून गेलो. तीनदा. खिडकीत नवं पोर्ट्रेट, तेही बिनकाचेचं. तरी लेसच्या पांढऱ्या खडूची भुकटी जागची हलली नव्हती. माझा पांढरा शिंकलं तरी उडतो. काहीतरी सीक्रेट आहे. जळतो म्हणून म्हणत नाही.

९ जुलै, शुक्रवार
विचारपूस करायला गेलो. स्वयंपाकघरातून माशांचा वास. म्हणजे माशांचा सरस करते आणि चित्रावर मारते, मग भुकटी उडेल कशी? जेवून जा म्हणाली. विषय बदलत होती.

१६ जुलै, शुक्रवार
खात्रीसाठी परत गेलो. तोच वास. चोरी पकडली.

१९ जुलै
सरस उकळून मादामवर शिंपडला. सुकल्यावर रंग खुलतील.

२० जुलै
खुलले नाहीत. लेस राखाडी, गाल काळवंडलेले, ओठावरच्या सावलीची मिशी झाली. बायकोला सांगावंच लागलं.
"अहो, शुक्रवारी मांस चालत नाही म्हणून सगळं पॅरिस मासे शिजवतं," ती म्हणाली. "आपल्या घरात काय शिजतं मग? तुमच्या नाकाला वास येतो तो फक्त पेरीनच्या घरचा."
मी उठून चित्राच्या खोलीत गेलो. कामं होती.

२४ जुलै
मादाम बोस्सार येऊन गेल्या. हे माझे वडील का, असं विचारलं आणि थेट पेरीनकडे पोर्ट्रेटसाठी बसायला गेल्या.
संध्याकाळी पेरीन आली. मिरवायला, दुसरं काय. पण बसली, आणि सरसाचं ऐकून उठून चित्राजवळ गेली.
"मास्तर, माझा पांढरा म्हणजे तुम्ही वळलेले खडू. निघताना पेटी दिली होतीत ना, तीच अजून पुरवतेय. दोन तुकडे उरलेत. तुम्ही बाजारचे कधीपासून वापरायला लागलात?"
मोठं नाव झाल्यावर कोण खडू वळत बसतं? तिला दहा वळून दिले. उपकार म्हणून.

२५ ऑगस्ट
प्रदर्शन. मादाम बोस्सार लागली, खाली पेरीनचं नाव. सगळी गर्दी त्या लेसपुढे. मीही तिथेच तासभर. शेजारच्या तरुणाला सांगितलं, यातला पांढरा माझा आहे.
तो म्हणाला, "बरं, आजोबा. जरा बाजूला व्हा, चित्र दिसत नाहीये."