मांजरीची वन आरके

४ एप्रिल २०१४, सकाळ
आजपासून रोजनिशी. आयुष्याला शिस्त हवी. मित्राचं, श्यामसुंदरचं, लग्न सहा मेला. त्याआधी त्याची कोथरूडची खोली मला सोडायची आहे. तात्पुरता म्हणून आलो होतो, दोन वर्षं मजेत गेली. श्याम तोंडाने जा म्हणालेला नाही. फक्त माझी गादी गुंडाळून बाहेर उन्हात ठेवली. ढेकणांसाठी असावी.
बाबांचा फोन. म्हणाले, लग्नापर्यंत खोली मिळाली नाही तर मुकाट फलटणला ये आणि मामाच्या रंगाच्या दुकानात बस. मी हसलो. खोली शोधणं दोन दिवसांचं काम. उद्यापासून सुरू.

९ एप्रिल
सुरू. मंडईजवळची खोली बघायला निघालो. वाटेत एक गृहस्थ स्कूटरवर फणस बांधत होते. चुकीचा बांधत होते. मदत केली. मग तो पडू नये म्हणून मागे धरून बसलो आणि धायरीपर्यंत गेलो. घरच्यांनी गरे दिले. कापा होता.
खोली दुसऱ्याला गेली. मालक फोनवर म्हणाले, आपण सावकाश या, बिल्डिंग कुठे जात नाहीये.
नाहीतरी तिथे ऊन आलं नसतं.

१२ एप्रिल
कोथरूडात तीन फ्लॅट. तिन्हीकडे विचारलं, फॅमिली आहे का. म्हटलं, आहे, फलटणला. एका काकूंनी विचारलं, आपण काय करता? म्हटलं, सध्या ऑप्शन्स बघतोय. काकू म्हणाल्या, मग जिन्यात उभे राहून बघा, आत पंखा उगाच चालू राहतो.
त्यांचं इम्प्रेशन चांगलं झालं असावं. सारखं अहो-जाहो करत होत्या.

१५ एप्रिल
एजंट केला. अय्युबभाई. माझं बजेट ऐकून त्यांनी एक चहा मागवला, स्वतःला. म्हणाले, एवढ्या पैशांत कोथरूडला पार्किंग मिळेल, तेही सायकलचं. शहराबाहेर मांजरीला मात्र एक वन आरके आहे, खोली आणि किचन. वर गच्ची, मागे ऊस. मालकीण सोजरबाई. अट एकच, भाडेकरू लग्न झालेला हवा, निदान ठरलेला तरी.
एवढंच ना.

१७ एप्रिल
मांजरी. खोली फर्स्ट क्लास. गच्चीवरून ऊस बघण्यात बराच वेळ गेला. खाली आलो तर सोजरबाई म्हणाल्या, लगीन झालंय का? म्हटलं, ठरलंय, सहा मे. म्हणाल्या, तोंडी नगं, मागच्यानं बी आसंच सांगितलं आन् चार पोरं आणून घातली. पत्रिका दाव.
सॅकमध्ये श्यामच्या पत्रिका होत्याच. वाटायला दिल्या होत्या, वाटायच्या राहिल्या होत्या. एक दिली. सोजरबाईंनी तिला हळदकुंकू लावून देवापुढे ठेवली आणि मला शामराव म्हणायला लागल्या. चावी लग्नानंतर. पहिल्यांदा जोडीनं उंबरा ओलांडायचा, ही त्यांची पद्धत.
जोडीचं बघता येईल. बायको माहेरी आहे असं सहज वर्षभर सांगता येतं.

१८ एप्रिल
श्यामला सांगितलं, फ्लॅट फायनल. त्याने मिठी मारली. गादी आत आली. बाबांना कळवलं. त्यांनी फोन ठेवला. अभिमानाने होतं तसं.

२ मे
सोजरबाईंचा फोन. खोलीला रंग दिला, मुहूर्त किती वाजता? म्हटलं, ऊन फार आहे, येऊ नका. त्या म्हणाल्या, पत्रिका हातात दिल्यावर बी न यायला आमी काय माणसातनं उठलोय व्हय?
म्हणायची पद्धत असते. मांजरीहून कोथरूड, एवढ्या उन्हात कोण येतंय.

६ मे
आले. टेम्पो भरून.
मी कार्यालयाच्या दारात अक्षता वाटत होतो. टी-शर्टवर. सोजरबाई ओरडल्या, नवरदेवा, आरं मुंडावळ्या कुठायत? म्हटलं, आमच्यात नवरदेव आधी पाहुण्यांना अक्षता वाटतो. त्या आपल्या मुलाला, मच्छिंद्रला, म्हणाल्या, बघ, ह्याला म्हंत्यात वळण. मच्छिंद्र मान खाली घालून उभा राहिला.
मंगलाष्टकं लांबत चालली होती. पाणी प्यायला म्हणून मागे सटकलो. तिथे आचारी जिलेब्या तळत होता. बघत उभा राहिलो, निघायचं विसरलो. तेवढ्यात अंतरपाट सरला.
सोजरबाईंनी अक्षता टाकल्या नाहीत. मूठ तशीच धरून स्टेजवर चढल्या. श्यामला नाव विचारलं. पिशवीतून पत्रिका काढून मच्छिंद्रकडून वाचून घेतली. नवरीचंही नाव विचारलं. जुळलं. मग अक्षता टाकल्या, पातेल्यांचा आहेर दिला आणि चावीही दिली.
मी स्टेजखाली जाऊन म्हटलं, खोली मला दिली होतीत. सोजरबाई म्हणाल्या, म्या पत्रिकेला दिलीया, तुला न्हाय. नवरीने विचारलं, गॅलरी आहे का? त्या म्हणाल्या, गच्ची हाय, आख्खी. नवरीने श्यामकडे बघितलं. श्यामने माझ्याकडे. मी अंगठा वर केला.
सगळे जेवून गेले. मच्छिंद्रने जिलेबी तीनदा घेतली.

७ मे
झालं ते उत्तम झालं. श्याम मांजरीला, म्हणजे कोथरूडची खोली माझी. डोक्यात हेच कुठेतरी असणार.
घरमालक श्रीनिवासरावांना भेटलो. म्हटलं, मीच राहीन पुढे. ते म्हणाले, आपण इथे राहत होतात? मी पाहुणे समजत होतो. पाहुणे असाल तर यजमान गेले, आणि राहत असाल तर मला विचारलं नव्हतंत. दोन्हीपैकी काय ते ठरवा आणि निघा.
प्रश्न अवघड होता. ठरवता ठरवता बॅग भरली.

१२ मे, फलटण
मामाच्या दुकानात बसलो. तात्पुरता. झोपायला माळा, डब्यांच्या मागे. हवेशीर आहे. दुपारी बाबा येऊन समोरून एकदा बघून गेले.
श्यामचा फोन. खोली छान आहे म्हणाला, संध्याकाळी गच्चीवर गार वारा येतो. म्हटलं, मग येतो चार दिवस राहायला. तो खाली जाऊन सोजरबाईंना विचारून आला. म्हणाल्या, यावं की, पण जोडीनं.
मुलगी बघणं एका दिवसाचं काम. मामांना विचारलं, रविवारी दुकान बंद असतं का.
नसतं.