अकरा मिनिटांचा खंड

१२ फेब्रुवारी

चि. छोटीस,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. आईचे कान अजून शाबूत आहेत, नको ते नेमकं ऐकतात.

आमचं टीव्हीचं प्रक्षेपण केंद्र एकतीस मार्चला बंद होतंय. घरोघरी छपरांवर डिशच्या तबकड्या आल्या, मनोरा आता कावळ्यांच्या सोयीचा. वरून पत्र आलं, केंद्राचा इतिहास दोन पानांत पाठवा. मीच सगळ्यांत जुना, म्हणून माझ्या गळ्यात. साहेब म्हणाले, "गोड लिहा हो. मयताबद्दल वाईट बोलू नये."

तीन दिवस लिहितोय. उठतो, यंत्राच्या खोलीत जाऊन काटे बघतो, परत येतो. उद्घाटन झालं, वीज पडून जळालेला पहिला अँटेना झाला, सामन्यांच्या दिवशी फाटकावर जमणारी गर्दी झाली. 'प्रक्षेपणातील खंड' या रकान्यापाशी अडलो.

इथं काही तयार होत नव्हतं. राजधानीतून यायचं, आम्ही पुढे सोडायचं. आमच्या हातात एकच होतं, न सोडणं.

सव्वीस वर्षांपूर्वीचा बुधवार. संध्याकाळी सात चार ते सात पंधरा. नोंदवहीत माझ्या अक्षरात आहे: वीजपुरवठा खंडित.

वीज होती.

तू आईला कळवलं होतंस, बुधवारी सातला टीव्हीवर माझी मुलाखत बघ. तिनं अख्खी गल्ली बोलावली. माझा पाळीवरचा जोडीदार चहाला गेला होता. पडद्यावर तुझा चेहरा आला आणि मला वाटलं, आता ही गावासमोर सांगणार, दादानं माझा कॉलेजचा फॉर्म फाडला म्हणून घर सोडलं. मी प्रक्षेपणाचा खटका खाली ओढला.

पण येणारं चित्र आमच्या खोलीत दिसतच राहतं. ती मुलाखत या गावात मी एकट्यानं पाहिली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, विजेचं काम कुणाकडून शिकलात? तू म्हणालीस, "पहिला फ्यूज दादानं बांधायला शिकवला." घरून विरोध होता? "ते घरातलं आहे. घरी गेले की बोलेन." आणि हसलीस.

नंतर पत्रात विचारलंस, दादा, पाहिलंस का? मी लिहिलं, केंद्राची लाइट गेली होती. तू समजलीस, घरानं तोंड फिरवलं. आता वर्षातून एकदा ऑफिसात फोन करतेस. आई बरी आहे ना? बरी आहे. संपलं.

गल्लीनं आईला सोडलं नाही. "काय हो, तुमची टीव्हीवाली आलीच नाही की!" ती अजून मधूनच विचारते, काय बोलली असेल रे? मला शब्द न् शब्द पाठ. सांगितलं असतं तर म्हणाली असती, तुला कसं ठाऊक?

आज सकाळी सगळं सांगितलं. तिचे हात भाजी निवडतच राहिले.

"केस कापले होते का तिनं?"

"हो. खांद्यापर्यंत."

"शोभत होते?"

"हो."

"तेव्हा मला दिसले असते," म्हणाली आणि आत गेली. दुपारी ताट वाढून परत आत गेली.

रकान्यात खरं कारण लिहिलं. साहेब ओरडले, "डोकं फिरलंय का? निवृत्तीला चार महिने राहिलेत!" बघू.

घरी सात वर्षांपासून फोन आहे. नंबर तुला कधी दिला नाही. मागच्या बाजूला लिहिलाय. मी घरात असलो तरी उचलणार नाही. बराच वेळ वाजू दे, तिला उठायला वेळ लागतो.

तुझं बोलणं ऐकलेला,
दादा