पेलेल इतकंच वजन

बाबा, काल संध्याकाळी आईला पाठंगुळीला घेऊन मी आपल्या घराचा जिना उतरले. हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि वजन कधी वाढवायचं हे मला तुम्हीच शिकवलंत, म्हणून तुम्हाला लिहितेय.

अजून डोळ्यांसमोर येतं, दुर्गाघाटावरच्या आपल्या छतावर तुम्ही पहाटे मुद्गलांची जोडी फिरवताय. पूजा आटोपलेली, पाठशाळेत शिकवायला जायला अजून अवकाश, उघड्या अंगावर जानवं, आणि खांद्यामागून वळून येणारी ती दोन जड लाकडं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही खाली गेलात तेवढ्यात मी त्यातलं एक उचललं, डोक्यावरून मागे नेलं आणि त्याच्या झोकानं भिंतीवर जाऊन आदळले. कोपर टम्म सुजलं. तुम्ही ओरडला नाहीत. हळद लावता लावता एवढंच विचारलंत, "तू त्याला फिरवलंस, की त्यानं तुला?" "उचलणं वेगळं, पेलणं वेगळं," म्हणालात. मग एक दिवस नदीपलीकडच्या रामनगरहून नावेनं परतलात ते तिथल्या सुताराकडून माझ्या मापाची छोटी जोडी करून घेऊनच. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "मुलीच्या जातीला काय करायचीय ती? सासरी नेणार आहे का?" तुम्ही हसलात फक्त.

मोठी जोडी कधी देणार, म्हणून मी रोज मागे लागायचे. मी फिरवत असताना तुम्ही बघायचा नाहीत, डोळे मिटून माझा श्वास ऐकायचात. शेवटचा हात पहिल्या हातासारखाच फिरला पाहिजे. श्वास अडकता कामा नये. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर चालेल, सांधा दुखला तर नाही. आणि हे सगळं एकदा जमलं म्हणून लगेच वाढवायचं नाही. "एखादा दिवस कुणाचाही चांगला जातो," म्हणायचात. तसं रोजच जमायला लागलं की मगच वाढवायचं, तेही चिमूटभर. माझं कॉलेज संपायच्या आत तुम्ही गेलात. माझं सासर काही झालं नाही. बँकेत लागले, तिथूनच निवृत्त झाले, आईजवळ राहिले. तुमची जोडी उन्हापावसात चिरली, पण मी ती कधी हातात घेतली नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आपल्या पायांवर ती परत उभी राहिली नाही. आईचं करायला येणारी दाई दुपारी निघून जाते, त्यानंतर पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेणारी मीच. अशीच एकदा तिला उचलताना पाठीत उसण भरली आणि मी खाली फरशीवर आडवी झाले. संध्याकाळी शेजारची सून डोकावेपर्यंत मी खाली आणि आई वर, ओल्या अंथरुणात. आईनं एकदाही हाक मारली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिची ती पाठ मला अजून दिसते. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "ताई, चोवीस तासांची बाई ठेव." ठेवली होती, टिकली नाही. पाठ बरी झाल्यावर डॉक्टरांना विचारून मी डंबेल्स घेऊन आले.

मोबाईलवरचा तरुण मास्तर "एक और, एक और" करून ओरडायचा. मी त्याचा आवाज बंद केला आणि तुमचं ऐकलं. डंबेल छातीशी धरून स्टुलावर बसायचं, हात न टेकता उठायचं. सुरुवातीला शेवटच्या उठण्याला मी पुढे झुकायचे, दात आवळायचे. म्हणजे वजन तेच ठेवायचं. काही आठवड्यांनी झुकणं गेलं, तरी मी थांबले, पुन्हा पुन्हा तसंच होतंय ना ते बघितलं, मग डंबेलला वजनाची छोटी चकती चढवली. चढवल्यावर आधीइतक्या बैठका होत नसत. घाबरले नाही, तेही तुम्ही सांगून ठेवलं होतं. एकदा मात्र होळीच्या सुमारास फार बरं वाटलं म्हणून एकदम दोन चकत्या चढवल्या आणि गुडघा धरला. आई म्हणाली, "अगं, जल्दी कसली आहे तुला?" मी पुन्हा खालच्या वजनावर आले.

घाई तिच्यासाठीच होती, तिला ते माहीत नव्हतं. पडल्यापासून ती घराबाहेर गेली नव्हती. आपला जिना इतका अरुंद की खुर्ची वळत नाही. कार्तिक लागला तशी ती खिडकीकडे बघून म्हणायला लागली, "पंचगंगा घाटावर आकाशदिवे लागले असतील." 'मला ने' असं म्हणाली नाही. काल तिला चादरीनं पाठीशी बांधलं, शेजारची सून मागून धरायला आली. "पाडशील गं मला," आई म्हणाली. "नाही पाडणार." एकेक पायरी आडवी उतरले. मधल्या वळणावर तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. घाटाच्या वरच्या पायरीवर फूलवाल्यानं आपली खुर्ची दिली. समोर बांबूंच्या टोकांना टोपल्यांमधले दिवे. आई बराच वेळ बघत राहिली, मग पदरानं डोळे पुसले.

परत वर चढताना तिनं कानाशी विचारलं, "दम लागला का गं?"

"लागला ना. थांबते जरा."

मी वळणावर उभी राहिले आणि जोरजोरात श्वास घेतला, तिला पाठीवर जाणवेल असा. "मग," ती समाधानानं म्हणाली, "मी काय हलकी आहे का."

बाबा, मला मुळीच दम लागला नव्हता. महिन्यापूर्वी तिला नुसतं पलंगावरून खुर्चीत घेतानाही लागायचा. महिनाभरात माझी ताकद एवढी वाढलेली नाही, हे मला चांगलं कळतं. तिला सांगता येत नाही, भावाला सांगायला जीभ उचलत नाही. हा कागद मी आता फाडून टाकेन, ती जागी व्हायच्या आत.