यादीतली शेवटची वाट

बाबा,

त्या यादीतली शेवटची वाट मी लिहिली होती. काकांनी नाही.

तुम्ही वनखात्यात वॉचर होतात, खात्याचे सगळे कागद तेलुगूत, आणि तुम्हाला तेलुगू वाचता येत नव्हतं. मला शाळेत शिकून ते चांगलं यायला लागलं, तेव्हापासून तुमचे सगळे कागद माझ्याकडे आले. तुम्ही ओट्यावर बसून सांगायचात, मी लिहायची, आणि खाली तुम्ही मराठीत सही करायचात, प्रत्येक अक्षरावर थांबत. त्या उन्हाळ्यात आपल्या बाजूचं जंगल अभयारण्यात गेलं आणि हुकूम आला, आपापल्या हद्दीतल्या पायवाटा, गाडीवाटा लिहून द्या. तुम्ही एकेक सांगताय. चारोळीच्या झाडांकडची, नाल्याच्या वरच्या अंगाची, जळक्या सागाजवळून जाणारी. तुमचे सोबती, दुसरे वॉचर, कागद रेंज ऑफिसात न्यायला येऊन बसलेत. नाल्यापलीकडच्या गुड्यातले, गोंडांच्या वाडीतले. मी त्यांना काका म्हणायची. ते चौथीपर्यंत तेलुगू शिकलेले.

"तुही पोरगी तहसीलदार होते पाय," ते म्हणाले.

"मंग तूच तिच्या दारात दरखास्त घिऊन उभा राहशीन," तुम्ही म्हणालात, आणि दोघंही हसलात.

मी विचारलं, "बाबा, बाजारची वाट राह्यली ना?"

"ते नोको लेहू."

"काऊन?"

"लेहलं का बंद करतेत. नाई लेहलं तं कोनाले ठाऊक?"

"पन गुरुजी म्हनते, कागदावर नसलं तं सरकार मानत नाई."

"गुरुजीचं शानपन शाळेत. इथं म्या सांगतो ते लेह."

बाजारची वाट म्हणजे मिठाच्या बैलांची जुनी वाट. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर मीठ लादून तिथून जायचे, असं तुमचे आजोबा तुम्हाला सांगत. कोसाकोसावर उभा दगड, मध्ये पायऱ्यांची बारव. आपली वस्ती त्याच वाटेने इंद्रवेल्लीच्या बाजाराला जायची. आत्या वांगी-मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन उजाडायच्या आत निघायची आणि बारवेवर भाकर खायची. मी दोनदा तिच्याबरोबर गेले आहे. तिला त्या वाटेवर गाताना ऐकलं आहे. घरी ती कधी गात नसे.

सही झाली. तुम्ही दोघं बैलाच्या खुरात रुतलेला काटा पाहायला गोठ्याकडे गेलात. कागद माझ्यासमोर होता. शेवटची ओळ आणि तुमची सही यांच्यात एक ओळ मोकळी राहिली होती. मी ती भरली.

पाऊस संपल्यावर गुडीहत्नूरकडून मजूर आले आणि यादीतल्या एकेका वाटेवर आडवा खंदक खणत गेले. गुड्याची वाट नकाशात आधीपासून रस्ता म्हणून होती, ती राहिली. आपली गेली. बाजाराला जायचं तर हायवेपर्यंत चालायचं, गुडीहत्नूरची बस धरायची, तिथून दुसरी. आत्याची पाटी कंडक्टर चढू देईना. तिने दोन बाजार प्रयत्न केला, मग वाफे तसेच वाळू दिले. वस्तीतले लोक तुमच्याशी बोलायला उभे राहीनासे झाले. तुम्ही त्यांना काय सांगणार होतात? यादीवर सही तुमची होती.

काका आले तेव्हा तुम्ही त्यांना बैस म्हटलं नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी आहे.

"कागद कोनी नेला?" तुम्ही विचारलंत.

"म्या नेला."

"तेलुगू कोनाले येते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तो कागद वाटेत वाचला होता, हे मला तेव्हाच कळलं. माझं अक्षर ते ओळखत होते. तुम्ही ओरडलात, "तुह्या गावची राह्यली, आमची गेली! साहेबाले खूश केलं तुनं!" मला एकच शब्द बोलायचा होता: मी. मी तांब्या काकांपुढे धरला.

"हाव," काका म्हणाले. "माह्याच हातून झालं असंन." त्यांनी पाणी घेतलं नाही. जाताना म्हणाले, "पोरीची शाळा सोडवू नोको, गड्या."

त्यानंतर तुम्ही दोघं एकाच जंगलात बारा-तेरा वर्षं वेगवेगळे फिरलात. पूर्वी एकाची भाकर दुसऱ्याच्या फडक्यात असे. आता रात्रपाळीला तुम्ही एकटे जायचात आणि आई जागी राहायची. तुम्ही वारलात त्या दिवशी काका आले होते, लोकांच्या मागे, चिंचेखाली उभे राहिले. आपल्या माणसांपैकी कोणी त्यांना पुढे बोलावलं नाही. मीही नाही. निघताना त्यांनी मला विचारलं, नोकरी लागली का. मी म्हटलं, लागली, शाळेत, तेलुगू शिकवते. त्यांनी मान हलवली.

गेल्या महिन्यात शाळेतल्या मुलांना घेऊन अभयारण्यात गेले. जीप बाजारच्या वाटेवरून गेली. खंदक बुजवला आहे, बारवेला कठडा केला आहे, शेजारी पाटी आहे: प्राचीन व्यापारी मार्ग. जीपवाला पोरगा मुलांना सांगत होता, इथून पूर्वी माणसं जात असत. एका मुलीने विचारलं, मग का थांबली? तो म्हणाला, गाड्या आल्या ना.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला ती वाट वाचवायची होती. गुरुजी तसं म्हणाले होते, हे खरं आहे. पण त्याआधी एक यादी दिली होती तेव्हा रेंज ऑफिसातल्या साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं, हे इतकं छान अक्षर कोणाचं, आणि तुम्ही घरी येऊन ते दोनदा सांगितलं होतंत. बाजारच्या वाटेचं तेलुगू नाव लांब होतं, जोडाक्षरांचं. ते मला सुंदर काढता यायचं.

काका अजून आहेत. त्यांची नात माझ्या वर्गात आहे. तिच्या दप्तरात हा कागद ठेवला तर संध्याकाळी तो त्यांच्या हातात पडेल. सकाळी लिहायला बसले तेव्हा मनात तेच होतं. काकांना मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी मराठीतच लिहीत गेले.