ऐंशी, तीस, नव्वद

सोमवार, ३ मार्च
शी! आमच्याच कंपनीने केलेल्या इस्पितळाच्या लिफ्टची जुनी फाइल फेरतपासणीला आली. दोरांचं चाक ज्या शाफ्टवर फिरतं, त्याचा आठ वर्षांपूर्वीचा हिशेब. वाकण्याचा ताण ऐंशी, मर्यादा पंच्याऐंशी — टिक. पिळाचा ताण तीस, मर्यादा पंचेचाळीस — टिक. संपलं! अरे, शाफ्ट काय सकाळी वाकतो आणि दुपारी पिळला जातो? दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी! ऐंशीचे निम्मे चाळीस. चाळीसचा वर्ग, तीसचा वर्ग, बेरीज पंचवीसशे, वर्गमूळ पन्नास. चाळीस आणि पन्नास नव्वद. हा खरा प्रिन्सिपल स्ट्रेस, दोन्ही मिळून पडणारा सर्वांत मोठा ताण, पंच्याऐंशीच्या मर्यादेच्या वर. कॉलेजातलं पोरगंही काढेल. आणि त्या लिफ्टमधून रोज स्ट्रेचर वर-खाली!

खालची सही झेरॉक्समध्ये कापली गेलीय.

मंगळवार, ४ मार्च
साहेब म्हणाले, "लिफ्ट चालतेय ना? मग कशाला उकरून काढता, मॅडम?" बोलता बोलता त्यांचं बिस्किट चहात पडलं. हळहळ त्याची जास्त! शिसारी आली. शनिवारपर्यंत माझा शेरा हवाय म्हणे.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तोही आधी याच कंपनीत होता, त्याला तेव्हाची माणसं ठाऊक. "कोण रे हा गाढव?"

"असेल कोणी नवखा," म्हणाला. अर्धं ताट टाकून उठला.

गुरुवार, ६ मार्च
फ्रिजवर प्लंबरचा नंबर चिकटवलाय, नवऱ्याच्या अक्षरात. त्याचा इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक दोन शून्यं, मध्ये बारीक फट. बॅगेतली फाइल काढून पाहिली. तेच आठ.

विचारलं तर म्हणाला, "त्याच दिवशी हिशेब हवा होता गं कंपनीला. आणि दोन्ही मर्यादेत होते..."

नवखा म्हणे! अस्तित्वातच नसलेल्या नवख्याच्या माथी खापर! आठ वर्षं घोरत झोपला हा माणूस. त्याच्या हातचा चहासुद्धा मी बेसिनमध्ये ओतला.

शुक्रवार, ७ मार्च
शेरा लिहिला. 'शाफ्ट नापास. लिफ्ट ताबडतोब बंद करावी.' घडी करून पर्समध्ये ठेवला. दिला, की नवऱ्याची इंजिनिअर म्हणून सही करायची परवानगी जाणार, नोकरीही. जाऊ दे! दिवसभर मूग गिळून बसलाय. भित्रा कुठला. अशा माणसाबरोबर संसार केला मी!

शनिवार, ८ मार्च
साहेबांना म्हटलं, "सोमवारी देते."

सोमवार, १० मार्च
साहेब सकाळीच ओरडत आले. लिफ्ट शुक्रवारपासून बंद आहे. इस्पितळाला फोन नवऱ्यानेच केला होता, स्वतःचं नाव सांगून.

माझा शेरा अजून पर्समध्येच आहे.